उष्णजलकुंडाचे दिशानिर्धारण

मागच्या महिन्यात एका शनिवारी, आयर्लंडमधल्या सँडीफोर्डच्या आमच्या परसात उष्णजलकुंडाची, म्हणजे हॉट टबची, दिशा निश्चित झाली… उत्साह अद्याप ओसरलेला नाही, म्हणून हे निवेदन.

आमची सौभाग्यवती मंजिरी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. वर्षभर कोविडच्या रुग्णांना पालथे झोपवता झोपवता तिच्याच पाठीने असहकार पुकारला. टब आला, पण तिची अट होती… "वायरिंग हजार युरोंच्या वर गेलं, तर टब परत. मी गरम पाण्याची पिशवी घेईन."

स्थाननिश्चिती मी शास्त्रोक्त केली होती. नागपूरहून सासूबाईंनी बजावले होते की घरातले पाणी ईशान्येलाच हवे. अस्मादिकांनी फोनमधले होकायंत्र उघडून परसाचा पार टोकाचा कोपरा मुक्रर केला.

इलेक्ट्रिशियन डेक्लन मास्क लावून आला. फ्यूजबोर्ड स्वयंपाकघरातल्या, इथल्या बोलीत, 'प्रेस'मध्ये, म्हणजे कपाटात. तिथून टबापर्यंत त्याने टेप ताणली… आणि ताणतच राहिला.

"स्वतंत्र जाड केबल, हिरवळीत खोल चर, शॉक बसू नये म्हणून वेगळा स्विच. अठराशे," तो म्हणाला. "तिकडेच का ठेवलाय? शेजाऱ्यांना देणार आहात?"

टबाचे खोके कुठे ठेवलेय, एवढेच मंजिरीने विचारले.

मी तत्काळ सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. पंचमहाभूतांपासून आरंभ करणार, तोच त्यांनी अडवले.

"जावईबापू, पाणी गार की गरम?"

"गरम. चांगले कढत."

"मग ते पाणी कुठलं, ती तर चूल झाली. चूल आग्नेयेला असते. एवढं शिकून हे कळलं नाही?"

आग्नेय कोपरा म्हणजे स्वयंपाकघराची भिंत. मी हा निवाडा डेक्लनला इंग्रजीत सांगितला. त्याने पुन्हा टेप धरली, मान डोलावली. "साडेआठशे. चर नको. तुमच्या सासूबाई एकदम ग्रँड आहेत."

काल मंजिरी ड्युटीवरून आली ती थेट टबात… वरून आयरिश भुरभुर, खाली वाफा. जेवायला हाक मारली, तर म्हणाली, "तुम्ही बसा, मला उठवू नका."

वास्तुशास्त्रातला हा उपनियम ग्रंथात कुठे असेल, ठाऊक नाही. पण लेकीच्या पाठीसाठी शास्त्राला एक कोपरा सरकवणाऱ्या त्या माउलीला माझा साष्टांग नमस्कार.