दोन वेढे घातलेली वायर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बायको अमावस्येला नवी चादरसुद्धा अंथरत नाही आणि मी तिची यथेच्छ चेष्टा करतो... म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

मी दिल्लीत मयूर विहारला राहतो, सर्व्हरची कामं करतो. गेल्या जानेवारीत एका रविवारी नोएडातल्या एका हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. अकरा वाजले तरी धुक्यात समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. काम साधं — सर्व्हरच्या दोन नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचे आणि टीमिंग करायचं, म्हणजे एक कार्ड बंद पडलं तर दुसरं भार उचलतं. दुपारी दोनला आयसीयूचे मॉनिटर या सर्व्हरवर येणार होते.

हे काम मला पटवर्धन सरांनी शिकवलं. त्याच्या आदल्या दिवाळीआधी ते गेले. आजारपणात भेटायला जायचं माझं राहूनच गेलं. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "हिरवा दिवा बघून खूश होऊ नकोस यार. एक वायर उपटून बघ!" उपटलेल्या वायरला दोन वेढे घालून ते ती सर्व्हरच्या डोक्यावर ठेवायचे. कायम.

दोन्ही दिवे हिरवे झाले. मी वायर उपटली नाही... खरं सांगतो, कंटाळा केला. सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि कॉरिडॉरमध्ये चहा घेत बसलो. काचेबाहेर सगळं पांढरं, भिंतीपलीकडे मशीनची घरघर. झोपलो नव्हतो — पण जागा होतो असंही म्हणवत नाही.

कुलूप उघडून परत आत आलो तर सर्व्हर नेटवर्कवर नव्हताच. पहिल्या कार्डाची वायर निघालेली. दोन वेढे घालून, सर्व्हरच्या डोक्यावर.

दाराशी बसलेला गार्ड म्हणाला, "साहब, अंदर तो कोई गया ही नहीं।"

दुसऱ्या कार्डाला मी जुना ड्रायव्हर टाकला होता. दिवा हिरवा, पण डेटा जातच नव्हता. नवा टाकला आणि दोन्ही वायरी आळीपाळीने उपटून बघितल्या. आता चाललं, तेही दोनच्या आत.

मंगळवारी पहिल्या कार्डाची लाइन खरोखरच बंद पडली. आयसीयूतल्या कुणाला कळलंही नाही. मला ते नंतर लॉगमध्ये दिसलं, आणि मी ऑफिसात बसून रडलो.

वायर कुणी काढली, मला आजही माहीत नाही. सर आले होते असं म्हणायला जीभ रेटत नाही. मी त्यांना भेटायला गेलो नव्हतो, आणि तोही कंटाळाच होता.