कवटी फुटायची वाट

कवटी फुटेना. सरण पेटून दोन तास झाले होते आणि पुरुषमंडळी कान देऊन उभी होती. कवटी फुटल्याचा आवाज आला की मग घरी जायचं, अशी आमच्याकडे रीत.

“वहिनी, फुटणार कशी?” धाकटे दीर सगळ्यांदेखत म्हणाले. “करवतीने उघडून आतलं काढून घेतलंय. दादाला रिकामा पाठवलात.”

“भरलेला होता तेव्हा कधी विचारायला आलात? तुम्हाला उशीर होत असेल तर निघा.”

शेवटी सगळे आवाज न ऐकताच निघाले.

मेंदू मीच दिला होता. माझ्या नवऱ्याला सात वर्षं विसरण्याचा आजार होता. शेवटची तीन वर्षं ते मला चोर समजायचे आणि हाताला लागेल त्याने मारायचे. त्याआधी कधी हात उचलला नव्हता, पण बोलणं जन्मभर तुसडं. म्हणून मला खात्री नव्हती. हा आजार मारतोय, की आधीपासून मनात होतं ते आता बाहेर येतंय?

प्रयोगशाळेतली एक मुलगी त्यांना तपासायला यायची. म्हणायची, “आजी, मेंदूत एक प्रथिन साठतं. नासलेल्या दुधासारख्या गाठी होतात, पेशी मरतात. असं का होतं ते शोधतोय. नंतर मेंदू मिळाला तर बघता येईल.” कळत होतं तेव्हाच त्यांनी सही करून ठेवली होती. ते गेले तसा मी आधी तिला फोन केला. दीर कसबा पेठेतून पोचेपर्यंत काम झालं होतं.

सहा महिन्यांनी कात्रजहून दोन बस बदलून मी तिच्याकडे गेले. तिने यंत्राला डोळा लावायला सांगितलं. निळसर पातळ तुकडा, त्यावर तपकिरी डाग.

“ह्या गाठी, आजी.”

“मला मारायचे ते यातल्या कुठल्या?”

“रागाच्या भागातही गाठी आहेत. पण मनात काय होतं, ते यात दिसत नाही.”

“मग उघडलंत कशाला?”

“आजाराचं कारण शोधायला. चहा घेता?”

घेतला नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांनी मारलेलं चहाचं पातेलं तिथेच लागलं होतं. त्या तीन वर्षांत घरात आम्ही दोघंच होतो. काय घडलं ते माहीत असलेली त्यातली मीच उरले.