पाच दिवसांच्या गोळ्या

कमलबाई चोपड्याजवळच्या एका उपकेंद्रात तीस वर्षं नर्स होत्या. गावात त्यांचा दराराच तसा. कुणी तापात मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणून खाल्ल्या, की या त्याच्या दारात उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार करायच्या. "डोकं गहाण ठेयेल शे का?"

धुळ्याला गुडघा बदलून घेतला तेव्हाही ऐट कमी नव्हती. वॉर्डातल्या सपना नावाच्या तरुण नर्सला सलाईन कसं लावायचं, हे पडल्या पडल्या शिकवून झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, टाक्यांतून थेंबभर पाणी आलं तरी फोन करा. बाईंनी मुलाकडे, भूषणकडे बघून नाक मुरडलं. हे आता मला सांगणार!

तिसऱ्या आठवड्यात परकरावर दोन ओले डाग दिसले. बाईंनी फोन केला, पण दवाखान्यात नाही, ओळखीच्या मेडिकलवाल्याला. नर्सच्याच जखमेत पाणी झालं म्हटल्यावर गाव काय म्हणेल, ही धास्ती. परकर स्वतःच धुतला, अँटिबायोटिकच्या गोळ्या गुपचूप पाच दिवस घेतल्या आणि जखम सुकल्यासारखी वाटली तशा बंद केल्या.

आठवडा गेला आणि गुडघा टम्म फुगला, तापला. भूषणने त्यांना गाडीत घालून धुळ्याला आणलं. सांध्यातलं पाणी सुईने काढण्याआधी डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, "मधे कुठल्या गोळ्या घेतल्या का? घेतल्या असतील तर लॅबमध्ये जंतू वाढत नाहीत, ओळखू येत नाहीत."

भूषण शेजारीच उभा होता. "छे! मी कशी घेईन?" बाई म्हणाल्या.

रिपोर्ट आला. पाण्यात पू होता, पण लॅबमध्ये जंतू काही वाढले नव्हते. जंतू कोणता ते कळल्याशिवाय औषध अंदाजानेच द्यायचं, आणि अंदाज चुकला तर नवा सांधा काढावा लागणार. डॉक्टर सपनावर भडकले. सांध्यातल्या पाण्याची बाटली लॅबमध्ये द्यायला हिनेच उशीर केला असणार. पोरगी बिचारी "नाही सर, लगेच दिली," एवढंच म्हणत राहिली. आळ दुसऱ्यावर गेला म्हणून कमलबाईंना क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी शरम वाटली की खाटेवर बसवेना.

"साहेब, तिले बोलू नका." दवाखान्यात नेहमी शुद्ध बोलणाऱ्या बाई घरच्या बोलीवर आल्या. "मीच गोळ्या खाद्यात. पाच दिन."

कुणी ओरडलं असतं तर परवडलं असतं. डॉक्टर फक्त म्हणाले, "आता सांधा उघडून धुवावा लागेल. आतल्या मांसाचे चार-पाच तुकडे तपासायला पाठवू. जंतू सापडला तर सांधा वाचेल, पण खात्री देत नाही." भूषण खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळी सपना ऑपरेशनचा फॉर्म भरायला आली. नाव लिहिलं, वय लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात तिने न विचारताच 'निवृत्त नर्स' लिहायला घेतलं, तसा कमलबाईंनी तिचा हात धरला.

"घरकाम लिही, बाई."