गाळायचं नाही असं कडवं

माझी ताई हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये गायची. स्वतः तिथलीच डॉक्टर, घरी देवापुढे रोज दिवा लावणारी बाई, आणि लंच ब्रेकमध्ये ख्रिश्चनांची भजनं! मी चिडवायचो, "ताई, बाटलीस की गं." ती म्हणायची, "सूर छान लागतो रे तिथं. देव कुणाचा का असेना."

त्यातलं तिचं लाडकं भजन मध्ययुगातल्या एका साधूचं होतं, सगळ्या सृष्टीचे गोडवे गाणारं. त्यात सूर्य भाऊ, चंद्र बहीण, वारा भाऊ, पाणी बहीण. आणि हे रचलं तेव्हा साधूमहाराज आजारी, डोळ्यांना उजेडसुद्धा सोसवत नव्हता. मी म्हटलं, "मग सूर्याचं कसलं डोंबलाचं कौतुक?"

"अरे, तेच तर आहे त्यात. त्रास देतो म्हणून भाऊ परका होतो का? तुझंच बघ."

शेवटी एक कडवं मृत्यूचं. त्यालाही तो बहीणच म्हणतो. भजन लांबतं म्हणून क्वायर, म्हणजे चॅपलमधली गाणारी मंडळी, नेमकं तेवढंच गाळायची. मला ते बरंच वाटायचं.

दर भाऊबीजेला मी मिल्टन कीन्सहून गाडी काढून लंडनला, ईलिंगमधल्या तिच्या घरी जायचो. आई-बाबा गेल्यावर माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलं होतं. गेल्या वर्षी मात्र गेलो तो हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतली माणसं ठेवतात तिथं. कन्सल्टंट म्हणत होते, अजून एकदा केमो देऊन बघू. ताई नको म्हणत होती, आणि मी रोज फोनवर तिच्याशी भांडत होतो.

खोलीत ऑक्सिजन, त्यामुळे निरांजन लावायची सोय नव्हती. नर्सनं बॅटरीवरची मेणबत्ती आणून दिली. ताईचा हात इतका थरथरत होता की ताटाला खालून मीच हात लावला. म्हणजे अर्धं मी स्वतःलाच ओवाळून घेतलं. ताटात पाकीट ठेवलं, ते तिनं बाजूला सारलं.

"यंदा ओवाळणी मी मागणार."

"माग की."

"केमोचं परत काढायचं नाही. आणि माझ्या फ्युनरलला ते कडवं गाळायचं नाही."

माझं टाळकंच सरकलं. "सणासुदीला भावाला असं कोंडीत पकडतात होय गं?"

"आपल्यात आज यम बहिणीकडे जेवायला जातो ना? म्हणजे तोही कुणाचा तरी भाऊच. यांच्यात ती बहीण. घरचंच कुणीतरी न्यायला येतंय, असं समज. घाबरू नकोस."

"पण मी घाबरलोय, ताई!"

"ठाऊक आहे रे. पण मी फार दमलेय."

ओवाळणीला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हटलं.

फ्युनरलला क्वायरनं सगळं भजन म्हटलं. सूर्य, वारा, पाणी मीही माझ्या घोगऱ्या आवाजात ओढत नेलं. ते कडवं आलं आणि माझं तोंडच उघडेना. आजूबाजूचे सगळे गात होते, मी हातातल्या कागदाकडे बघत उभा राहिलो.

ताईला त्यात काय दिसलं, हे शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. खोटं कशाला सांगू, मला काही म्हणजे काही दिसत नाही. यंदा भाऊबीजेला गाडी काढलीच नाही. त्या साधूला म्हणे सगळं जगच भावंडं. मला बहीण एकच होती.