गोजरमावशीची भाकरी

माझ्या डोक्यात राग लवकर जातो, आधीच सांगते. गोजरमावशीवर पहिल्या भेटीतच भडकले ती मीच. आणि आज पिठलं केलं की पहिल्यांदा तिची आठवण काढते, तीही मीच.

पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. मावशी अंगणवाडीत मदतनीस होती. मिश्रीने काळे दात, पायात लेकाच्या जुन्या चपला, आणि जीभ अशी की सरपंचसुद्धा वाट बदलायचा. एकदा कोर्टात कायद्याचं शिबिर होतं. खुर्च्या भरायला वडापावाच्या बोलीवर गावच्या बायका नेल्या. बाकीच्या खाऊन पेंगल्या. ही पुढं बसून वकीलबाईंना इतकं विचारत राहिली, की शेवटी त्याच म्हणाल्या, "आजी, आता तुम्हीच माईक घ्या." तेव्हापासून कुणाकडे चोरी झाली, मारहाण झाली, की मावशी त्याच्या दारात हजर.

माझं लग्न नवं होतं. डेअरीवर दूध घालून येताना ओढ्याजवळ गावातल्या एका बड्या घरच्या पोरानं माझा हात धरला, ब्लाऊज फाडला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले आणि पळत सुटले. घरी सांगितलं तर नवरा, सचिन, खाली मान घालून बसला. सासूबाई म्हणाल्या, "भाईर बोलायचं न्हाई. अब्रूचा सवाल हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराच्या बापाचा निरोप आला : सांजच्याला साडी-नारळ घेऊन येतो, मिटवून टाकू. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. चूल तशीच थंड होती.

दुपारी मावशी आली. फडक्यात भाकरी, डब्यात पिठलं. आमच्याकडे असं मयताच्या घरी नेतात, तिथे चूल पेटत नाही म्हणून. माझं टाळकंच सरकलं.

"कोण मेलंय इथं?" मी म्हणाले.

"कोनी न्हाई, म्हनून तर आले." ती उंबऱ्यावर टेकली. "मेल्यावर अख्खा गाव येतो. जित्या मानसाला झोडलं तर कुत्रं फिरकत न्हाई. माझ्या थोरल्या बहिनीवर आसाच परसंग आला, तवा कोनी आलं न्हाई, आमी उपाशीच बसलो हुतो. खा आदी."

पहिला घास तिनेच भरवला. तेव्हा कुठे मला रडू फुटलं, कालपासून अडकलेलं.

माझं रडून झाल्यावर ती म्हणाली, "पोलिसात जबाब बाईमानूसच लिहून घेनार, घाबरू नको. लिहिल्याची प्रत फुकट मिळती, मागायची. तपास कुठवर आला ते त्यांनी तुला कळवायचं असतंय. वकील बी फुकट मिळतो बायांना. पन सांजच्या आत जा. एकदा साडी घेतली की तुझं तोंड शिवलं." मग सासूबाईंकडे वळली. "बने, सून चावून आली तुजी. आन् तू तिला गप कर म्हनतीस व्हय?"

सासूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "सच्या, गाडी काढ."

मोटरसायकलवर सचिन, मी आणि मध्ये मावशी. ठाण्यात बाई पोलिसाने सगळं लिहून घेतलं आणि मावशीने प्रत मागायची आठवण करून दिली. साडीवाले आले तेव्हा घरात सासूबाई एकट्याच होत्या. त्यांनी नारळ उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवला.

केस अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला मावशी सोबत यायची. कोर्टाच्या बाकावर शेंगा सोलत माझ्या साडीला नावं ठेवायची, आणि नाव पुकारलं की पाठीवर थाप मारायची. त्या शेंगांसाठी मला तारखेची वाट बघावीशी वाटायची, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात मावशी झोपेतच गेली. सासूबाईंनी रडत रडत भाकऱ्या थापल्या, मी पिठलं केलं. वाटेवर सगळं गाव फडकी घेऊन तिच्या घराकडे निघालेलं. पाराजवळ बायका कुजबुजत होत्या, वरच्या आळीत मोनिकाचं डोकं दिराने फोडलं, घरातली दार लावून बसलीत. बोलत बोलत त्या मावशीच्या घराकडे गेल्या.

मी थांबले. मावशीचं तोंड शेवटचं बघायचं होतं मला. पण भाकरी हातात होती, आणि तिच्या घरी आज भाकऱ्यांना तोटा नव्हता. मी वरच्या आळीला वळले.

मोनिकाच्या सासूने दार किलकिलं केलं. फडक्याकडे बघून तिचा चेहराच उतरला. "आमच्यात कोन मेलं गं?"

"कुणी नाही, म्हणून तर आले," मी म्हणाले आणि उंबऱ्यावर टेकले.