श्रीमंताचं हक्कसोडपत्र

सांगलीच्या विश्रामबागेत दीनानाथ श्रीमंत होता. सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये नव्हता. माणूस एकच, पगारही एकच. फरक होता तो फक्त सत्तावीसचा.

२००२ साली तो जुरोंग ईस्टच्या एका जहाज कंपनीत अकाउंट्सला लागला, तेव्हा एका डॉलरचे सत्तावीस रुपये होत. पगार साडेचार हजार डॉलर. थोरला भाऊ पद्माकर पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. त्याने फोन ठेवायच्या आत गुणाकार केला आणि बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, महिन्याला सव्वा लाख!" त्या दिवसापासून दीनानाथ श्रीमंत. घरभाडं, मुलीच्या शाळेची फी, डाळ-तांदूळ हेही डॉलरमध्येच जातं. पण खर्चाला सत्तावीसने गुणायची तसदी सांगलीत कुणी घेतली नाही.

खरं सांगायचं तर दीनानाथने कुणाला घेऊही दिली नाही. गडी साधा, पण 'सिंगापूरवाले आले' हे शब्द कानाला गोड लागतातच. दर मे महिन्यात तो चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या घेऊन उतरायचा. हॉटेलात दुसऱ्या कुणाचा हात खिशात जाऊ द्यायचा नाही. पुतणीच्या लग्नाचं कार्यालय त्याच्या पैशांतून, आणि वडिलांच्या घरावर वरचा मजला चढला तोही त्याच्याच. त्या वरच्या दोन खोल्या त्याने मनातल्या मनात स्वतःसाठी धरल्या होत्या. पन्नाशीला परत यायचं नक्की होतं, म्हणून सिंगापूरच्या पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्जसुद्धा त्याने कधी केला नाही.

टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मात्र त्याच्या श्रीमंतीला कुणी भीक घालत नव्हतं. "वी नॉट रिच, लाह," बारा वर्षांची मुलगी आर्या सांगायची. "रिच पीपल स्टे इन काँडो." आणि बायको संजीवनी हॉकर सेंटरमधल्या स्वस्त जेवणाच्या रांगेत उभी राहून तीन डॉलरला सत्तावीसने गुणायची. "एक्क्याऐंशी रुपयांचा भात? त्यापेक्षा घरी कुकर लावते," म्हणून परत फिरायची.

२००९च्या फेब्रुवारीत मंदीने बोटी रिकाम्या उभ्या राहिल्या आणि कंपनीने अकाउंट्समधली निम्मी माणसं कमी केली. दीनानाथ त्या निम्म्यांत होता. इथे नोकरी गेली की तिच्यावर मिळालेला राहण्याचा पासही जातो. देश सोडायला एक महिना मिळतो. शिल्लक होती ती सिंगापुरात चार महिने पुरली असती, सांगलीत चार वर्षं. वरच्या दोन खोल्या आहेत, एवढ्या एका गोष्टीवर नवराबायकोला रात्री झोप लागत होती.

नेमका त्याच आठवड्यात पद्माकरचा फोन आला.

"आमच्या सौमित्रला खाली मेडिकलचं दुकान टाकायचंय. बँक कर्ज देते, पण घर एका नावावर पाहिजे म्हणते. वकिलाकडून कागद करून घेतलाय, मेलने पाठवतो. तू तेवढं हक्कसोडपत्र करून दे. तुला काय कमी आहे?"

हक्कसोडपत्र! आपल्याकडे ते बहिणींकडून घ्यायची रीत. माहेरी बोलवायचं, साडीचोळी करायची आणि जेवणं झाली की कागद पुढे सरकवायचा. या घराला बहीण नव्हती, म्हणून तिची जागा श्रीमंत भावाला मिळाली. साडीही वाचली.

"दादा, माझी नोकरी गेलीय," दीनानाथ म्हणाला. सात वर्षांत त्याने पैशाबद्दल पहिल्यांदा खरं सांगितलं होतं.

पद्माकर आधी हसला. "तुझी?"

"खरंच. महिन्याभरात निघावं लागेल. वरच्या खोल्यांत राहू असं आमच्या मनात…"

"दीना," पद्माकरचा आवाज एकदम कोरडा झाला. "सही द्यायची नसेल तर तोंडावर नाही म्हण. गेल्या मे महिन्यात साठ माणसांना जेवू घातलंस, आणि आज घराचं नाव काढल्यावर नोकरी गेली? पैसा वाढला की मन लहान होतं म्हणतात, ते खोटं नाही."

फोन बंद झाला. संजीवनीने सगळं ऐकलं होतं. "अहो, कंपनीचं पत्र पाठवा ना त्यांना. डोळ्यांनी वाचू देत."

दीनानाथने पत्र स्कॅन केलं, मेल लिहिली आणि संध्याकाळभर ती उघडी ठेवून बसला. श्रीमंत ठरताना कुणी पुरावा मागितला नव्हता. गरीब ठरायला मात्र तो द्यावा लागणार होता, आणि तो सांगलीत घरोघर वाचला जाणार होता. हा शुद्ध मूर्खपणा, दुसरं काय? पण कंजूष आणि खोटारडा म्हणवून घेण्यापेक्षा त्याला श्रीमंत म्हणून लुटलं जाणं परवडलं. त्याने मेल पुसली. दुसऱ्या दिवशी भारतीय हायकमिशनमध्ये जाऊन कागदावर सही केली, शिक्का घेतला आणि कुरियर केलं. संजीवनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

कागद पोचला तसा पद्माकरचा फोन आला. त्याच्या बोलण्यात तिळभर नाटक नव्हतं.

"दीना, मी तुला नाही नाही ते बोललो. विसरून जा. आज बाबा असायला हवे होते रे! आणि हे बघ, सही केलीस म्हणून परकेपणा धरायचा नाही. घर तुझंच आहे. कधीही या तिघं. चांगले आठ दिवस राहा!"

पास संपायला नऊ दिवस उरले होते.

"येतो," दीनानाथ म्हणाला.