बाजाराच्या दिवशीचं शून्य

आज हिंगोलीला जाल तर डांबरी रस्त्यानं जाल. सत्तरच्या दशकात मी गेले ती मीटरगेजनं, औरंगाबादहून पूर्णेला आणि तिथे गाडी बदलून. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता.

गोरेगावच्या पुढे एका ओढ्यावर तलाव व्हायचा होता. पुराचं गणित मी संगणकासाठी लिहिलं होतं. भोकं पाडलेल्या पंचकार्डांची पेटी मुंबईला गेली, आठवड्यानं कागदाची भेंडोळी परत आली. त्यानुसार पुराच्या वेळी तलावाचं पाणी काठच्या बावीस घरांत शिरत होतं. म्हणजे वस्ती उठणार. उठवायच्या घरांच्या यादीवर माझी सही हवी होती.

"बघून येते," मी म्हटलं.

"संगणकानं काढलंय ना?" साहेब म्हणाले.

"संगणकाला पाय नाहीत. मला आहेत."

पूर्णेला गाडीनं अडीच तास बसवलं. रात्री हिंगोलीत मुक्काम, सकाळी सेनगावची एसटी, पुढे बैलगाडी. काळ्या मातीत चाक रुतलं तेव्हा चपला हातात घेऊन चालले. आता गोरेगावपर्यंत जीप मिळते, तरी पावसाळ्यात जाणाऱ्यांनी नवी चप्पल घालू नये.

गावचे कोतवाल कोंडिबा पर्जन्यमापक सांभाळत. त्यांच्याच वहीतले आकडे माझ्या कार्डांवर होते.

"यादीत पहिलं घर माझंच हाय, बाईसाहेब," ते म्हणाले. "तरीबी चहा घ्या."

मी चूक शोधायलाच गेले होते. पण मापक स्वच्छ, वरती झाडाची फांदी नाही, वहीतलं अक्षर माझ्यापेक्षा बरं. दुपारी त्यांच्या घरी भाकरी, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारी लसणाची चटणी.

"उद्या सकाळी आठला आपण दोघं मिळून मोजू," मी म्हटलं.

"उद्या?" त्यांच्या पत्नी धुरपताबाई म्हणाल्या. "उद्या बाजार. हे तांबडं फुटायच्या आत निघतात."

"मग उद्याचा पाऊस कोण मोजतं?"

"परवा मोजतो की!" कोंडिबा म्हणाले. "दोन्ही दिवसाचा एकदम. थेंबबी सांडू देत न्हाई."

"आणि उद्याच्या रकान्यात?"

"शून्य. मोकळा सोडला तर तालुक्याहून बोलणी येतात."

"बाजारात तरी काय काम?" धुरपताबाई म्हणाल्या. "भजे खायाचं!"

मी भाकरी ठेवली आणि वही उघडली. दर बाजाराला शून्य, दुसऱ्या दिवशी धो धो. ज्या एका दिवसाच्या पावसावर माझा पूर उभा होता, तो दोन दिवसांचा पाऊस होता.

"कोंडिबा, भज्यांपायी तुमचं घर पाण्यात चाललं होतं!"

ते वहीवर वाकून रकाने बघू लागले. धुरपताबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मला हसू येईना. शून्य म्हणजे पाऊस नाही, हे मीच ठरवलं होतं. औरंगाबादला बसून.

"घर राहील का मग?" धुरपताबाईंनी विचारलं.

"गणित पुन्हा झाल्याशिवाय सांगणार नाही. वचन देत नाही."

"वचन नको. भाकरी घ्या आजून."

रात्री पाऊस झाला. सकाळी कोंडिबा बाजाराला गेले आणि आठच्या ठोक्याला मी धुरपताबाईंना मोजायला शिकवलं. आकडा वहीत चढवला. बाजाराच्या दिवशी शून्य नसलेली ती पहिलीच ओळ. संध्याकाळी कोंडिबा परतले ते भज्यांचा पुडा घेऊन. भजी गार होती, पण चवीला नाव ठेवणार नाही.

औरंगाबादला येऊन मी ते दोन-दोन दिवस सेनगावच्या मापकाच्या रोजच्या नोंदींच्या प्रमाणात वेगळे केले, कार्डं पुन्हा पाडली. तो आठवडा मात्र सरता सरेना. भेंडोळी आली तेव्हा पाणी वस्तीच्या बरंच खाली थांबलं होतं. यादी मी स्वतः फाडली आणि कोंडिबांना पत्र टाकलं: घर राहिलं, बाजाराच्या दिवशी मोजणी धुरपताबाईंनीच करावी.

पुढे तीस वर्षं मी अशीच गणितं केली. संगणक खोलीएवढा होता तो टेबलावर आला. आताची मुलं रंगीत नकाशे घेऊन येतात, पूर कुठवर येईल ते दाखवतात. मी चष्मा लावते आणि आधी विचारते, "तिथला बाजार कोणत्या वारी असतो?"